संदर्भसूचीतली दुसरी बाई

माझ्या प्रबंधाच्या शेवटी जी संदर्भसूची आहे, तिच्यात मी दोन ठिकाणी आहे. एकदा 'ग'मध्ये आणि बरीच पानं उलटल्यावर पुन्हा एकदा 'श'मध्ये. ओळखीच्या माणसानं ती सूची वाचली तरी त्याला या दोन वेगळ्या बायका वाटतील. सूची करायची पद्धत अशी, की आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नावाची आद्याक्षरं, मग कंसात वर्ष. या पद्धतीत माणसाचं नाव फार थोडं उरतं. माझ्या बाबतीत जे थोडं उरलं त्यातलं एकही अक्षर दुसऱ्या ठिकाणच्या नावाशी जुळत नव्हतं. त्या न जुळण्यापायी जे झालं ते माझ्या एकटीपुरतं राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

मी मोहोळ तालुक्यातली. घरी शेती. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुलीनं शिकावं असं फार वाटायचं, पण काय शिकावं याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मी भूगोल घेतला, एम.ए. झाले आणि सोलापुरात एका महाविद्यालयात तासिकांवर शिकवू लागले. पीएच.डी.ची नोंदणी पदवीवर जे नाव होतं त्याच नावानं झाली. तसा नियमच आहे. माझे मार्गदर्शक सर तेव्हा निवृत्तीला आलेले होते. संदर्भ कसा द्यायचा हे त्यांनीच शिकवलं. स्वल्पविराम चुकला की कागद परत यायचा. ते म्हणायचे, "संदर्भ म्हणजे वाट सांगणं. तू जिथनं आलीस तिथं वाचणाऱ्याला एकट्याला जाता आलं पाहिजे." माझे पहिले दोन शोधनिबंध छापून आले ते माहेरच्या नावानं. तेच 'ग'मध्ये आहेत.

मग लग्न झालं. मुलगा सोलापूरचाच, टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात. घर जुळे सोलापुरात, घरात तो आणि त्याची आई. सासरे आधीच वारले होते. सासूबाई मूळच्या अक्कलकोटकडच्या, माहेरी कन्नड बोलणाऱ्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिताना नवरा आईकडं बघत होता आणि आत्यांनी त्याच्या कानात जे सांगितलं ते त्यानं लिहिलं. त्या नावाला काही कारण नव्हतं. त्यांना ते आवडायचं, एवढंच. आमच्या आळीतल्या सगळ्या मला त्याच नावानं हाक मारू लागल्या. मलाही ते नाव आवडायला लागलं होतं, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आधार कार्ड, पॅन, कॉलेजचं पगारपत्रक यातलं काहीच आम्ही बदललं नाही. करू निवांत, म्हणून राहिलं. त्या काळात मी मंगळवेढ्याला जायचे. तिथल्या काळ्या रानातली ज्वारी हा माझा विषय होता. ज्वारी साठवायची जमिनीखालची पेवं कशी बुजत गेली आणि बियाण्यासाठी कणसं निवडून ठेवायचं बायकांचं काम कसं सुटत गेलं, हे मी गावोगाव बसून विचारत होते. सकाळची एस.टी. धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं. त्यावर मी दोन निबंध लिहिले आणि सरांनी ते तपासले. पाठवताना सरांनी विचारलं, नाव कुठलं घालू? मी नवीन नाव सांगितलं. नवं नाव, नवऱ्याचं नाव, त्याचं आडनाव, असं पूर्ण. अंक आले तेव्हा आत्यांनी ते पान कितीतरी वेळ हातात धरलं होतं. त्यांना मराठी वाचायला फारसं यायचं नाही. त्यांची शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. त्यांनी मला विचारलं, कुठल्या ओळीत आहे ते, आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं.

लग्न का मोडलं हे सांगणं अवघड आहे, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. त्याला माझी मंगळवेढ्याची वाट आवडत नव्हती, आणि न आवडलेली गोष्ट तो बोलून दाखवायचा नाही. बोलणंच बंद करायचा. आधी दिवसभर, मग आठवडाभर, मग महिना महिना. एकाच घरात जेवायचं, ताट आत्यांनी वाढायचं, आणि दोघांनी आत्यांशी बोलायचं. आत्या मध्ये बसून इकडचं तिकडं सांगायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, की ह्याचा बाप बी असाच व्हता, पर माझं आयुष्य काढून झालं. शेवटी मी मोहोळला गेले. पुढं परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. कोर्टाच्या कागदात माझं पहिलं नाव माहेरचंच होतं, कारण आधारवर तेच होतं. त्यात नव्या नावाचा उल्लेख कुठंही नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

सर त्याच सुमारास, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. प्रबंध अर्धवट होता. पुढं मला दुसऱ्या मार्गदर्शक मिळाल्या. मॅडम शिस्तीच्या आणि कामाच्या पक्क्या होत्या. मी त्यांच्याकडं गेले तेव्हा माहेरचं नाव लावत होते, सोलापुरात खोली घेऊन एकटी राहत होते. मधल्या वर्षांबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

प्रबंध लिहून झाला आणि साम्य तपासायला गेला. दुसऱ्याचं लिखाण किती उचललंय हे एक सॉफ्टवेअर शोधून काढतं आणि प्रत्येक सापडलेल्या लेखकाला एकेक रंग देतं. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून स्क्रीन माझ्याकडं फिरवली. बाकीच्या प्रकरणांत कुठं कुठं रंगाची ओळ होती. चौथं प्रकरण, पेवांचं आणि बियाण्यांचं, पानंच्या पानं एकाच केशरी रंगात होतं. खाली त्या रंगासमोर लेखिकेचं नाव होतं. ते आत्यांनी ठेवलेलं नाव.

मला आधी हायसं वाटलं. म्हटलं, हे सोपं आहे. मी मॅडमना सांगितलं की या बाई मीच आहे.

मॅडमनी संदर्भसूची उघडली. सूचीत ते दोन निबंध मी माहेरच्याच नावाखाली घातले होते. माझेच आहेत, तर माझ्या नावाखाली असावेत, इतकाच विचार केला होता. मॅडमनी मूळ अंक काढला, नाव वाचलं, माझी सूची वाचली, आणि पेन्सिलीनं दोन्ही नोंदींवर काट मारली.

"लेखकाचं नाव जसं छापलंय तसंच द्यायचं," त्या म्हणाल्या. "आपल्या मनानं बदलायचं नाही. वाचणारा या नावानं शोधायला गेला तर त्याला काही सापडणार नाही."

सर असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. पण छापलंय तसं दिलं, की चौथं प्रकरण दुसऱ्याच कुणाचं ठरत होतं. आणि चौथं प्रकरण काढलं तर प्रबंधात उरतं काय? मॅडम वाईट वागल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा आण, मी पुढं पाठवते. मी म्हटलं, तुम्ही लिहून द्याल का? त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तुला त्या नावानं ओळखतच नाही. जे मी पाहिलं नाही ते कसं लिहून देऊ?"

बाहेर पडले तेव्हा मला वाटत होतं की दोन दिवसांचं काम आहे. मग मी पुरावा शोधायला लागले, आणि हळूहळू लक्षात आलं की त्या नावाच्या बाईचा पुरावा कुठंच नाही. आधारवर ती नाही, बँकेत नाही, रेशनकार्डावर नाही. लग्नपत्रिका लग्नाआधी छापतात, त्यामुळं तिच्यात नाही. महापालिकेत लग्नाची नोंद होती, ती पत्रिकेतल्या नावानं. ज्या नियतकालिकात निबंध आले ते बंद पडलेलं. अंक नेटवर होते, पण संपादकांचा पत्ता लागेना. निबंध सरांच्या ईमेलवरून गेले होते. सरांच्या मुलाला पुण्याला फोन केला. तो बिचारा भला माणूस, पण त्यानं घर विकताना वडिलांचे सगळे कागद रद्दीत घातले होते. माझे मंगळवेढ्याचे भरलेले तक्ते त्यातच होते. तिथल्या ज्या बायकांशी मी बोलले त्या मला 'बाई' म्हणायच्या. नाव कुणी विचारलं नव्हतं. त्या नावानं मला जुळे सोलापुरातली एक आळी ओळखत होती, आणि एक घर.

मी गॅझेटमध्ये नाव बदलल्याची जाहिरात द्यायचाही विचार केला. पण ते आजपासून पुढं लागू होतं. मागं जाऊन कुणी आपल्याला नाव देत नाही.

म्हणून मी त्याला फोन केला. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. हा माणूस गप्प बसला तर काय करायचं हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. पण तो बोलला. मी सगळं समजावून सांगितलं: एका कागदावर सही हवी, की लग्नानंतर घरात माझं हे नाव होतं. बाकी काही नाही.

त्यानं सांगितलं की त्यालाच मला फोन करायचा होता. त्याचं दुसरं लग्न ठरत होतं. मुलीच्या भावानं त्याचं नाव आणि आडनाव नेटवर टाकून पाहिलं, तर पहिल्यांदा माझे निबंध आले. नवं नाव, त्याचं नाव, त्याचं आडनाव. आता ते लोक विचारत होते की ही बाई अजून तुमचं नाव कसं लावते. त्याला ते निबंध नेटवरून काढून हवे होते. मी म्हटलं, छापून आलेलं काढता येत नाही, ते माझ्याही हातात नाही. मग थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, झालं, आता हा महिनाभर बोलणार नाही.

"त्या नावाची बाई मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी कसली सही देऊ?"

आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून माझं काहीतरी बिघडलं. वर्गात शिकवताना वाक्य मध्येच तुटायचं. हजेरी घेताना मुलींची नावं वाचायचे आणि पुढं यांचं काय होईल असं मनात यायचं. एक आख्खी बाई, जी रोज एस.टी.नं गेली, उन्हात बसली, जिनं लोकांचं ऐकून घेतलं, रात्री भाकरी केल्या, तिला ओळखणारा माणूस म्हणतो मला माहीत नाही. आणि तिचं काम चोरल्याचा आळ माझ्यावर. मोहोळला गेले की आप्पा विचारायचे, झालं का गं तुझं पुस्तक? मी म्हणायचे, होतंय. मॅडमनी एकदा निरोप पाठवला की मुदतवाढीचा अर्ज करून ठेव. मी तो केला आणि चौथं प्रकरण काढून टाकून उरलेलं कसंबसं जोडता येतं का ते बघू लागले. एकदा तर पेवांवरचा सगळा मजकूर वेगळ्या शब्दांत लिहून काढायला बसले, म्हणजे सॉफ्टवेअरला सापडणार नाही. आपलंच लिहिलेलं चोरासारखं फिरवून लिहिताना दोन पानांतच किळस आली.

मग एका दुपारी आत्यांचा फोन आला.

त्यांनी तो आळीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून केला होता. मुलाचं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण कशाची सही ते त्यांना कळलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, मी सिद्धेश्वरच्या देवळात जाते म्हणून घरातनं निघते, तू कोर्टापाशी थांब.

कोर्टासमोर झाडाखाली टेबल टाकून टायपिस्ट बसतात. आता त्यांच्याकडं लॅपटॉप आणि छोटे प्रिंटर असतात, बाकी सगळं तसंच. आत्या रिक्षातून उतरल्या. मधल्या काळात त्या फार वाळल्या होत्या आणि गुडघ्यावर हात ठेवून चालत होत्या. मी स्टॅम्पपेपर आणला होता. टायपिस्टनं त्यांचं आधार कार्ड समोर ठेवलं आणि विचारायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता. मग माझ्याकडं बोट करून त्यानं विचारलं, या कोण तुमच्या?

"सून."

मी मध्ये पडून सांगितलं की घटस्फोट झालाय. तो म्हणाला, मग पूर्वाश्रमीची सून असं लिहावं लागेल. आत्यांना पूर्वाश्रमीची म्हणजे काय ते कळलं नाही. मी सांगितलं, आधीची. त्यानं पुढं विचारलं, की या बाईंचं लग्नानंतरचं नाव हे होतं, असं तुम्ही सांगताय, ते कशाच्या आधारावर? काही कागद आहे का? त्याला तो प्रश्न विचारायचा नव्हता खरं तर, तो फक्त मसुदा भरत होता. पण आत्यांनी तो मनावर घेतला.

"कागद कशाला?" त्या म्हणाल्या. "नाव म्याच ठेवलंय की."

टायपिस्टनं बोटं थांबवली. मग त्यानं ते तसंच लिहिलं, फक्त त्याच्या भाषेत: सदर नाव मी स्वतः ठेवले असून ते मला व्यक्तिशः ज्ञात आहे.

नोटरीसमोर आत्यांनी सही केली, कन्नडमध्ये. हळूहळू, एकेक गोल अक्षर पुरं करत. नोटरी म्हणाले मराठीत येत नाही का? त्या म्हणाल्या, हेच येतं. नोटरींनी ते चालवून घेतलं. बाहेर आल्यावर मी त्यांना उसाच्या रसाचं विचारलं, तर म्हणाल्या नको, प्रसाद घेऊन जायला पाहिजे, नाहीतर विचारील. मी त्यांना देवळापर्यंत सोडायला निघाले तर त्यांनी तेही नको म्हटलं. रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, की ह्यातलं कुटं बोलू नको. मी म्हटलं, कशाला बोलेन.

मॅडमनी प्रतिज्ञापत्र वाचलं, सही कुठल्या भाषेत आहे ते विचारलं, आणि ठीक आहे म्हणाल्या. पण ते प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. नुसतं फायलीत ठेवून चालणार नव्हतं. परीक्षकांनी सूचीत दोन नावं पाहिली तर त्यांना वाट सापडायला हवी. मला आत्यांचं बोलणं आठवलं. मी विचारलं, नाव झाकून जोडता येईल का? मॅडम म्हणाल्या, साक्षीदाराचं नाव झाकलं तर ती साक्ष कसली. त्यांचं चूक नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की प्रबंध कोण वाचतं, त्यातून परिशिष्ट कोण उघडतं.

मौखिकीच्या दिवशी आप्पा मोहोळहून आले. धुतलेला सदरा, नवीन टोपी. विभागाच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसले. बाकी आमच्या कॉलेजातले काही जण, इतर संशोधक, दोन-तीन प्राध्यापिका. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, मनापासून वाचून आलेले होते. त्यांनी पेवांबद्दल चांगले प्रश्न विचारले आणि माझी उत्तरंही चांगली झाली. मी जरा सैल झाले. तेव्हा त्यांनी संदर्भसूची उघडली.

ते म्हणाले, की चौथ्या प्रकरणाचा सगळा भार या एका बाईंच्या निबंधांवर आहे आणि ते काम फार चांगलं आहे. या बाई पुढं काही लिहिताना दिसत नाहीत. तुम्ही त्यांना कधी भेटलात का?

हॉलमध्ये मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. मी म्हटलं, "त्या बाई मीच आहे, सर. लग्नानंतरचं नाव आहे."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मॅडमनी हळूच सांगितलं, परिशिष्टात आहे. परीक्षकांनी पानं उलटली, चष्मा वर केला आणि ते प्रतिज्ञापत्र वाचू लागले, मोठ्यानं. मला वाटतं त्यांना सवयच होती मोठ्यानं वाचायची. आत्यांचं पूर्ण नाव, वय, जुळे सोलापूरचा पत्ता. माझ्या मुलाशी विवाह. पूर्वाश्रमीची सून. सदर नाव मी स्वतः ठेवले असून. सगळं. मग त्यांनी विचारलं की ही सही कुठल्या लिपीत आहे, आणि मी सांगितलं कन्नड. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, हे फार व्यवस्थित केलंत, संदर्भाच्या बाबतीत इतकी काळजी हल्ली कुणी घेत नाही.

आप्पा उठून बाहेर गेले. टाळ्या झाल्या, चहा झाला. मी बाहेर आले तेव्हा ते जिन्यापाशी भिंतीला टेकून उभे होते. माझा घटस्फोट झालाय हे त्यांच्या भावकीला त्यांनी अजून नीट सांगितलं नव्हतं, आणि इथं तो वाचून दाखवला गेला. "लई शिकलीस," ते म्हणाले. रागानं नाही. मग मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, मोहोळची गाडी किती वाजता हाय ते बघ.

हॉलमध्ये त्या दिवशी आलेल्या प्राध्यापिकांपैकी एक आमच्या जुन्या आळीजवळच राहायच्या. मला ते माहीत नव्हतं. त्यांनी मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही. चांगलं बोलायचं म्हणूनच त्या आत्यांना भेटून म्हणाल्या, की तुमच्या सहीमुळं तुमची सून डॉक्टर झाली. त्यावेळी त्यांचा मुलगा घरात होता.

हे सगळं मला नंतर, आळीतल्या ज्या बाईच्या मोबाइलवरून आत्यांनी फोन केला होता तिच्याकडून कळलं. तो आत्यांना काही बोलला नाही. म्हणजे बोललाच नाही. लग्न तोंडावर आलेलं, घरात पाहुणे, आणि तो आईशी बोलेना. त्यांनी वाढलेलं ताट बाजूला सारून स्वतः वाढून घ्यायचा. आधी त्याचं आणि माझं बोलणं आत्या इकडून तिकडं नेत होत्या. आता त्यांचं नेणारं घरात कुणी नव्हतं. लग्न झाल्यावर थोडे दिवस माहेरी राहून ये म्हणून त्यांना अक्कलकोटकडं भावाकडं पाठवलं, आणि न्यायला कुणी गेलं नाही.

पदवी मिळाल्यानंतर मी ग्रंथालयात जाऊन विचारलं, की प्रबंधातलं एक परिशिष्ट काढता येईल का. तिथल्या माणसानं सहानुभूतीनं सांगितलं, की जमा झालेला प्रबंध बदलत नाहीत. ते मला माहीत होतं. तरी विचारलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी आत्यांना भेटायला गेले. गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीकडं. घरात सगळे कन्नड बोलत होते. भावजयीनं मला बसायला सांगितलं आणि आत जाऊन त्यांना काहीतरी म्हणाली. आत्या पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी गुडघ्याचं तेल नेलं होतं ते त्यांनी बाजूला ठेवलं.

मी माफी मागायला गेले होते आणि ती कशी मागायची ते वाटेत ठरवलं होतं. पण त्यांनी मला सुरूच करू दिलं नाही.

"माज्या सहीनं तुजं काम झालं न्हवं?"

मी म्हटलं, झालं.

"मग बास की."

त्या शेंगा फोडत राहिल्या. मीही त्यांच्यासमोर बसून फोडू लागले. थोड्या वेळानं त्यांनी आपणहून नव्या सुनेचं सांगितलं. पोरगी बरी आहे, नोकरी करत नाही, स्वयंपाक झणझणीत करते. लग्नात अंगठी घेऊन नवरा थांबला तेव्हा या वेळी आत्यांकडं कुणी बघितलं नाही, पण त्यांनीच सांगितलं की हिचं नाव बदलू नका. लोकांना वाटलं म्हातारी रुसली आहे. त्या म्हणाल्या, तिचं तिलाच असू दे म्हणलं. उगं दोन-दोन नावं कशाला, कुटं सही कराय कोन जानार.

मग त्यांनी विचारलं की तू आता कुठलं लावतीस. मी म्हटलं, माहेरचं. त्यांनी मान हलवली.

निघताना त्या पडवीच्या पायरीपर्यंत आल्या. दिवाळीला मुलगा न्यायला येईल असं त्यांना वाटत होतं. भावानं त्याला तसा निरोप पाठवला होता म्हणे.

"तू आता हिकडं येऊ नको," त्या म्हणाल्या. "त्याच्या कानावर गेलं तर न्यायला यायचं परत ऱ्हाईल."

मी हो म्हटलं. भावजयीनं शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली, ती नको म्हणता आली नाही.

दिवाळी होऊन गेली. तो त्यांना न्यायला गेला की नाही ते मला माहीत नाही. आळीतल्या त्या बाईनं नंबर बदललाय. आत्यांच्या भावाचा नंबर माझ्याकडं आहे, पण फोन केला आणि त्या तिथंच असल्या तर काय बोलायचं, आणि नसल्या तर माझा फोन आलेला कुणी त्याच्या घरी सांगेल, या दोन्हींची भीती वाटते. म्हणून केलेला नाही.